घाटात कोणत्या गाडीला मज्जाव? तीव्र उताराच्या ग्रामीण रस्त्यांवरील वाहनबंदी : नियम, कारणे आणि व्यवहार

पावसाळा तोंडावर आला की जिल्हाधिकारी कार्यालयांतून एका ठरावीक साच्याचे आदेश निघू लागतात. अमुक घाटातून अवजड वाहनांच्या वाहतुकीस पुढील आदेशापर्यंत मनाई, पर्यायी मार्ग अमुक. वर्तमानपत्रात त्याची बातमी चार ओळींची होते. शहरातला वाचक दुसऱ्या वाटेने जाऊ म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. घाटाच्या माथ्यावर किंवा कुशीत ज्यांची घरे आहेत त्यांना मात्र त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. सकाळची बस येणार की नाही, स्वयंपाकाच्या गॅसची गाडी कुठवर येईल, अर्धवट राहिलेल्या घराचे सिमेंट वर कसे चढवायचे, हे सारे त्या आदेशातील एकाच शब्दावर अवलंबून असते. तो शब्द म्हणजे ‘अवजड’.

हा शब्द आपल्याकडे फार सैल हाताने वापरला जातो. त्या सैलपणामुळे खरोखर धोक्याची गाडी पुष्कळदा सुटून जाते आणि जिच्यावाचून गावाचे अडते ती अडकून पडते. घाटरस्त्यावरील बंदी समजून घ्यायची तर धोका नेमका कशातून उद्भवतो, इथून सुरुवात करावी लागेल. वजन, लांबी आणि रुंदी ही तीन कारणे एकमेकांहून वेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे.

उताराचे गणित

रस्त्याचा चढ शेकड्यात सांगतात. शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर उंची वाढली तर तो ८ टक्क्यांचा चढ. जुन्या भाषेत साडेबारास एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट किंवा उंचसखल प्रदेशातील रस्त्याला सर्वसाधारणपणे ३.३ टक्क्यांपर्यंत चढ असावा. सह्याद्रीसारख्या तीव्र डोंगरउतारावर ६ टक्के हा सर्वसाधारण, ७ टक्के हा मर्यादेचा आणि ८ टक्के हा केवळ अपवादात्मक परिस्थितीत, तोही थोड्या अंतरासाठी, स्वीकारायचा चढ मानला जातो.

नव्याने आखलेले महामार्ग ही शिस्त बऱ्याच अंशी पाळतात. गावाकडे जाणारे रस्ते बहुधा तसे आखलेले नसतात. आधी पायवाट असते, मग तिच्यावर बैलगाडी जाऊ लागते, पुढे कोणीतरी खडी टाकतो आणि एका निवडणुकीपूर्वी डांबर पडते. आखणी मात्र त्या पहिल्या पायवाटेचीच राहते. पायी चालणारा माणूस जवळची वाट धरतो आणि जवळची वाट नेहमीच उभी असते. नेत्रावळीच्या डोंगरावरील वेर्ले, तुडव, साळजिणी यांसारख्या वस्त्यांकडे चढणाऱ्या रस्त्यांवरून ज्याने एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

ब्रेक का ‘फेल’ होतो

चढताना गाडी दमते, पण जीव घेतो तो उतार. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मालवाहू गाड्यांची कायदेशीर वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या, म्हणजे आपल्याकडच्या सहाचाकी ट्रकचे भारासह वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. तीन आसांच्या दहाचाकीचे २५ टनांवरून २८.५ टन. गाड्यांना ही मुभा मिळाली त्या दिवशी घाटातली वळणे, मोऱ्या आणि कठडे होते तसेच राहिले.

आता १८.५ टनांचा एक ट्रक ८ टक्के उताराचा पाच किलोमीटरचा घाट उतरतो आहे असे धरू. तो ४०० मीटर खाली येतो. या उतरण्यातून सुमारे ७ कोटी २६ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ती कुठेतरी जिरवावी लागते. या ऊर्जेने २३० लिटर पाणी, म्हणजे पिंप भरून वर उरेल इतके पाणी, उकळीला आणता येईल. त्याच उतारावर दीड टनाच्या मोटारीचा आकडा जेमतेम एकोणीस लिटरचा आहे. हवेचा विरोध आणि इंजिन यांत काही भाग जातो. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या ड्रमना सोसावी लागते.

चालकाने खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी उतरवली तर ब्रेकवरचा ताण पुष्कळ कमी होतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली, किंवा मोठ्या गिअरमध्ये ठेवून दर वळणावर ब्रेक दाबत राहिले, तर लायनिंग तापत जाते आणि एका तापमानानंतर त्याची पकडच सुटते. पाय दाबला जातो, पण गाडी थांबत नाही. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या गाडीत वारंवार दाबण्याने टाकीतला दाबही उतरतो. बातमीत आपण ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे लिहितो, ते वस्तुतः अर्धेच खरे असते. थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा धरू शकतो, म्हणून अपघातानंतरच्या तपासणीत त्यात दोष सापडेलच असे नाही. दोष असतो तो भार, उतार आणि गिअर यांच्या मेळात.

हे वजनाचे कारण. वजनाचा दुसरा परिणाम रस्त्यालाच भोगावा लागतो. रस्त्याच्या थरांची आखणी ८.१६ टनांचा आस प्रमाण मानून केली जाते. आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी त्या प्रमाणात न वाढता ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते. दोन आसांच्या ट्रकच्या मागल्या आसाला आज ११.५ टनांपर्यंत परवानगी आहे. या हिशेबाने त्याची एक फेरी प्रमाण आसाच्या जवळजवळ चार फेऱ्यांइतका रस्ता झिजवते. घाटात याचा अर्थ अधिक गंभीर होतो. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याची, मातीची उतरंड पाण्याने भिजून जड झालेली असते आणि रस्त्याची दरीकडची कड भरावावर उभी असते. अशा कडेवरून भरलेली गाडी गेली की साइडपट्टीला आधी केसासारखी भेग दिसते. ती वेळीच दिसली तर बंदी येते. न दिसली तर रस्ताच खाली जातो.

लांबी आणि रुंदीचा प्रश्न

हेअरपिन वळणाचा धोका वजनाशी फारसा संबंधित नाही. मानकांनुसार अशा वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर असावी, आणि वळणाच्या टोकाशी रस्त्याची एकूण रुंदी जिल्हा मार्गावर साडेसात तर ग्रामीण मार्गावर साडेसहा मीटर असावी. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळण आतल्या अंगाने कापतात. बारा मीटर लांबीची अखंड सांगाड्याची गाडी, म्हणजे मोठी बस किंवा लांब ट्रक, अशा वळणावर समोरची मार्गिका व्यापल्याशिवाय निघत नाही. अठरा मीटरांच्या आसपासचा जोडट्रेलर अरुंद वळणावर अडकतोच. त्याला पुढे जाता येत नाही, मागेही घेता येत नाही. क्लीनर चाकामागे दगडाची उटी लावून बसतो आणि दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा लागतात. रिकामा ट्रेलरही असाच अडकतो. तिथे वजनकाट्याची पावती दाखवून उपयोग नसतो.

रुंदीचे गणित तर शाळकरी आहे. एकेरी ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग ३.७५ मीटरांचा असतो. दिवसाला शंभरापेक्षा कमी मोटारवाहने जाणार असतील आणि रहदारी वाढण्याची चिन्हे नसतील तर तो ३ मीटरांचाही चालतो. ट्रकची कायदेशीर रुंदी २.६ मीटरांपर्यंत असते, साध्या मोटारीची पावणेदोनच्या आसपास. दोन्ही एकमेकांसमोर आल्या की बेरीज ४.३ मीटरांच्या पुढे जाते, आणि आरसे व मधली फट अजून धरलेली नाही. म्हणून अशा रस्त्यावर दर किलोमीटरला दोन-तीन ठिकाणी बगल देण्यापुरती रुंद जागा सोडावी, अशी अपेक्षा असते. ही जागा प्रत्यक्षात कुणाच्या तरी चिऱ्यांच्या ढिगाने किंवा मोडक्या गाडीने व्यापलेली दिसते. ती मोकळी केली तर काही रस्त्यांवर बंदीची गरजच उरणार नाही, असे म्हणायला वाव आहे.

अरुंद घाटात समोरासमोर आल्यास उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणे कठीण, हे त्यामागचे कारण. पर्यटनाच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या चालकांपैकी कितीजणांना तो ठाऊक असतो, हा प्रश्न वेगळा.

बंदी घालण्याचा अधिकार कोणाचा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये हा अधिकार आहे. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यासाठी, अथवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास, राज्य सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर सर्व मोटारवाहनांना किंवा त्यांतील विशिष्ट वर्गाला मनाई अथवा निर्बंध करू शकतो. व्यवहारात हे आदेश जिल्हा दंडाधिकारी काढतात. आपत्ती ओढवली असेल किंवा तिची भीती असेल, तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ खालीही जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक रोखता येते.

कलम ११५ मधील दोन गोष्टी नागरिकांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बंदी एक महिन्याहून अधिक काळ चालवायची असेल तर राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करावी लागते. एक महिन्यापर्यंतच्या बंदीला ती लागत नाही, मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. आणि बंदी घातली की योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हे उभारणे हे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. तेव्हा वर्षानुवर्षे ‘तात्पुरती’ म्हणून चालत आलेली बंदी कोणत्या अधिसूचनेने चालू आहे, हे माहिती अधिकारात विचारता येते. विचारावेही.

उल्लंघनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर जबर झाला आहे. कलम १९४ खाली तो २० हजार रुपये आहे, आणि अतिरिक्त भार असल्यास दर टनामागे आणखी २ हजार. ग्रामपंचायतीला असा अधिकार नाही. ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणीचा भक्कम आधार ठरतो, पण केवळ ठरावाच्या बळावर रस्त्याच्या तोंडाशी लावलेला ‘जड वाहनांना बंदी’ हा फलक पाहून कोणी ट्रक थांबवला नाही तर त्याला दंड करता येत नाही. उलट संतापलेल्या ग्रामस्थांनी रस्त्यात आडवे दगड टाकले आणि त्याच रात्री रुग्णवाहिका आली, तर जबाबदारी ग्रामस्थांवर येते.

आता पुन्हा त्या ‘अवजड’ शब्दाकडे वळू. कायद्यात त्याची व्याख्या आहे: भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले ते हलके वाहन, १२ हजार किलोंच्या वरचे ते अवजड, मधले ते मध्यम. ही व्याख्या मालवाहू आणि प्रवासी या दोन्ही प्रकारांना लागू पडते. पूर्ण आकाराच्या प्रवासी बसचे भारासह वजन १२ हजार किलोंच्या सहज वर जाते. म्हणजे आदेशात केवळ ‘अवजड वाहने’ असे लिहिले की खाणीचा टिपर आणि गावची बस एकाच दाव्याला बांधली जातात.

बस अडते तेव्हा

तिलारी घाटाचे उदाहरण आपल्या सीमेलगतचे आहे. दोडामार्गाहून चंदगडकडे चढणारा हा रस्ता मुळात तिलारी प्रकल्पाच्या कामासाठी झाला. प्रकल्पाची यंत्रसामग्री वर नेणे एवढाच ज्याचा हेतू होता, तो रस्ता गोवा आणि कोल्हापूर यांना जोडणारी जवळची वाट म्हणून पुढे रूढ झाला. तीव्र चढ आणि आवळलेली वळणे यांमुळे तिथे अवजड गाड्या अडकण्याचे प्रकार वारंवार घडत आले. २०२४ च्या पावसाळ्यात तिथे अवजड वाहतुकीला मनाई झाली, तेव्हा एसटीच्या गाड्याही तिच्या कक्षेत आल्या. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती त्यांच्यासाठी घाटच बंद झाला.

या परिसराला असा प्रश्न नवा नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावला जाणारी जुनी वाट जवळच्याच रामघाटातून जात असे. बैलांचे तांडे मीठ घेऊन वर जात आणि धान्य घेऊन खाली येत. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलाला उभी चढण चालते, गाडीला जुंपलेल्या बैलाला चालत नाही. चाकाची वाहतूक वाढली तशी कमी चढाची वाट हवी झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, घाट गाड्यांसाठी तयार झाला. वाहन बदलले की रस्ता बदलावा लागतो, हे त्या काळच्या इंजिनिअरांनी मान्य केले होते. आपण वाहने बदलली, रस्ता तोच ठेवला आणि दोघांच्या मध्ये फलक उभा केला.

बसला सरसकट सूट द्यावी, असे मात्र कोणी म्हणू नये. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि ३० जण प्राणास मुकले. प्रवासी वाहनाचा अपघात मालवाहू वाहनाच्या अपघाताहून कितीतरी पटींनी भीषण ठरतो. म्हणून मोठी बस बंद करायची असेल तर तिच्या जागी आखूड लांबीची मिनीबस त्याच वेळापत्रकावर सुरू करावी आणि बंदीचा आदेश व मिनीबसचा आदेश एकाच दिवशी निघावेत. आज घडते ते असे: बंदी सोमवारी येते, मिनीबसची फाइल महामंडळाकडे जाते, आणि मधल्या काळात सातवी-आठवीतल्या मुली पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून शाळेला जातात. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि घाटात तो सर्वांत धोक्याचा आहे. सुरक्षिततेसाठी काढलेल्या आदेशातून निपजणारा हा धोका आदेश काढणाऱ्याच्या हिशेबात क्वचितच धरलेला असतो.

मालाचेही तसेच. मोठ्या ट्रकमधून बारा टन सिमेंट एका फेरीत वर जाते. दीड टनाच्या पिकअपला त्यासाठी आठ फेऱ्या लागतात, आणि पायथ्याशी उतरवून पुन्हा भरण्याची मजुरी घरमालकाच्या माथी बसते. आठ फेऱ्या म्हणजे वळणावर समोरासमोर येण्याचे प्रसंगही आठपट. शिवाय पैसे वाचवण्यासाठी पिकअपमध्ये दीडाऐवजी अडीच टन भरण्याचा मोह होतोच. छोट्या गाडीचे ब्रेक छोट्या भारासाठीच असतात. अतिभारित पिकअप ही मर्यादेत भरलेल्या ट्रकहून सुरक्षित आहे, असे मानण्याला काही आधार नाही.

लोखंडी कमान आणि तिच्या मर्यादा

बंदीची अंमलबजावणी करायला चोवीस तास पोलीस ठेवणे शक्य नसते, म्हणून अनेक ठिकाणी रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवी कमान, म्हणजे हाइट बॅरियर, उभारतात. उपाय स्वस्त आहे आणि काही प्रमाणात गुणकारीही. पण कमान मोजते ती उंची. गवताने भरलेला टेंपो उंच असतो आणि हलका. चिऱ्यांनी किंवा खडीने भरलेला टिपर बुटका असतो आणि जड. कमानीखालून दुसरा निघून जातो, पहिला अडतो. अग्निशमन दलाचा बंबही अडतो. माथ्यावरच्या काजूच्या बागेला मार्च-एप्रिलमध्ये आग लागली तर ती कमान कोण आणि कशाने उघडणार, याचे उत्तर कमान बसवण्यापूर्वी ठरलेले असावे. कुलूप लावता येणारी, बाजूला फिरणारी कमान मिळते. तिची एक किल्ली वरच्या गावात असायला हवी.

लांबीचा धोका असेल तिथे कमानीपेक्षा रस्त्याच्या तोंडाशीच मुद्दाम आवळलेले, दोन्ही बाजूंना दगडी खांब असलेले वळण अधिक कामाचे. जी गाडी तिथे वळू शकत नाही ती घाटातही वळणार नाही; मात्र इथे तिला मागे घ्यायला जागा असते.

एक घाट बंद, दुसऱ्यावर भार

गोव्यातून देशावर जाणाऱ्या वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: सिंधुदुर्गातून आंबोली आणि तिलारी, साखळी-केरीवरून चोर्ला, मोलेवरून अनमोड, आणि दक्षिणेला कारवार ओलांडून कर्नाटकातील घाट. त्यांपैकी एक बंद झाला की त्याची वाहतूक नाहीशी होत नाही, ती शेजारच्या घाटात शिरते. चोर्ल्यातून वळवलेला ट्रक अनमोडला जातो. अनमोडला दरड आली की तो चोर्ल्याला येतो. जुलै २०२४ मध्ये अंकोला तालुक्यातील शिरूरजवळ राष्ट्रीय महामार्ग ६६ वर दरड कोसळली, तेव्हा किनाऱ्याची वाट तुटली म्हणजे काय होते ते साऱ्यांनी अनुभवले.

त्यातच आपल्या बहुतेक घाटांचा पायथा एका राज्यात आणि माथा दुसऱ्या राज्यात आहे. उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश राज्याच्या सीमेवर संपतो. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत आलेल्या ट्रकचालकाला तो आदेश चोर्ल्याच्या माथ्यावर, म्हणजे परत फिरायला जागा नसलेल्या ठिकाणी, प्रथम समजत असेल, तर त्या आदेशाने साधले काय? फलक जिथे बंदी सुरू होते तिथे तर हवाच. त्याआधी जिथे दुसरी वाट फुटते तिथेही हवा. वरून येणाऱ्यासाठी तो बेळगाव आणि खानापूरच्या बाजूला कन्नड, मराठी व इंग्रजीत, खालून जाणाऱ्यासाठी साखळीला. मोबाइलवरील नकाशे हे फलक वाचत नाहीत. ते गाडीची लांबी-रुंदी न विचारता जवळची वाट दाखवतात, आणि परप्रांतीय चालकाचा विश्वास फलकापेक्षा त्या आवाजावर अधिक असतो.

स्कूटरही याच प्रश्नात

वाहनप्रकारावरील निर्बंध म्हटले की डोळ्यांपुढे ट्रक येतो. गोव्यात भाड्याच्या बिनगिअर स्कूटरचाही विचार व्हायला हवा. गिअरच्या मोटारसायकलला उतारावर इंजिनाची ओढ मिळते. बिनगिअर स्कूटरमध्ये ती मुळातच कमी असते, आणि वेग फार उतरला की क्लच सुटून तीही नाहीशी होते. मग दोन माणसांचा सारा भार दोन छोट्या ब्रेकांवर येतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला घाट चढलेला नवखा पर्यटक परतताना हाच उतार ओल्या रस्त्यावर, धुक्यात उतरतो. विजेवरच्या गाड्यांत उतारावर बॅटरी भरून वेग आवरण्याची सोय असते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर तीही क्षीण होते, हे माथ्यावरच्या हॉटेलात रात्रभर गाडी चार्ज करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

एक दूरचे उदाहरण

अमेरिकेच्या हवाई बेटावर वायपिओ नावाच्या दरीत उतरणारा रस्ता आहे. सरासरी उतार २५ टक्के, म्हणजे आपल्या अपवादात्मक मर्यादेच्या तिपटीहून अधिक. सुमारे एका किलोमीटरात तो सुमारे २४० मीटर खाली जातो. तिथे फक्त चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांनाच परवानगी होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रस्त्याच्या व डोंगरकड्याच्या स्थितीमुळे तिथल्या महापौरांनी बाहेरच्या पर्यटकांना तो बंद केला. दरीतले रहिवासी, तिथे तारो पिकवणारे शेतकरी अशांना वाट मोकळी ठेवली. पुढे त्याच वर्षी बेटावरील इतर रहिवाशांना आणि परवानाधारक सहलचालकांनाही सूट मिळाली. तिथे वाद झाले, अजूनही आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्या आदेशात गाडी कशी असावी आणि ती कोणाची असावी, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. गाव तिथे आधीपासून आहे आणि रस्ता गावासाठी आहे, हे त्यात गृहीत होते.

आदेशात काय असावे

चांगल्या आदेशात ‘अवजड’ या शब्दापुढे आकडे असतात: इतक्या किलोंच्या वर, इतक्या मीटरांहून लांब, इतक्या रुंदीहून अधिक. धोका वळणाचा असेल तर लांबी लिहावी, मोरीचा किंवा भरावाचा असेल तर आसावरचा भार, अरुंदपणाचा असेल तर रुंदी. तिन्ही असतील तर तिन्ही लिहावे. त्याचबरोबर सूट कोणाला हेही लिहावे: रुग्णवाहिका, अग्निशमन, वीजखात्याची गाडी, गॅस, दूध, रेशन आणि ठरलेल्या लांबीची प्रवासी बस. बांधकामाच्या मालासाठी आधी परवानगी घेऊन कोरड्या दिवशी, उजेडात, खालची आणि वरची वाहतूक आळीपाळीने सोडून एक फेरी करू देता येते. झोजीला खिंडीत एका वेळी एकाच दिशेने वाहने सोडण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. आपल्या चार-पाच किलोमीटरांच्या घाटाला दोन टोकांना दोन माणसे आणि दोन वायरलेस संच पुरेसे आहेत.

आणि आदेशाला शेवटची तारीख असावी. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द लिहिणाऱ्याला सोयीचे असतात. वरच्या गावात मात्र त्यांचा अर्थ कोणीच सांगू शकत नाही. पावसाळ्यासाठी घातलेली बंदी ऑक्टोबरअखेर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याने कड, मोऱ्या आणि कठडे प्रत्यक्ष पाहून, लेखी अहवालावर, उठवावी किंवा वाढवावी, आणि तो अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावा. ज्या ठिकाणी कड खचल्यामुळे बंदी आली तिथे संरक्षक भिंतीच्या कामाची निविदा कधी निघणार, हेही त्याच कागदावर यायला हरकत नाही.